बैठे काम आणि वाढते वजन

शेतकऱ्याचा मुलगा शिक्षक होतो किंवा कचेरीत नोकरीस लागतो, तेव्हा त्याचे अंगमेहनतीचे काम सुटते. ताटातील भाकरी-भाताचे प्रमाण मात्र नांगर धरणाऱ्या वडिलांइतकेच राहते. त्यात बैठकीगणिक चहाची भर पडते. दोन चमचे साखरेच्या एका कपात केवळ साखरेचे सुमारे ४० उष्मांक असतात. दिवसाकाठी असे सहा कप झाले की २४० उष्मांक पोटात जातात आणि ते खर्ची पडण्यास जवळजवळ तासभर भरभर चालावे लागते. सोबतच्या भज्यांचा हिशेब वेगळाच. वजन उतरविण्याचा आरंभ म्हणूनच ताटापासून व कपापासून करणे श्रेयस्कर ठरते.

अंगाने सडपातळ असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. याच कारणास्तव भारतीयांमध्ये हा निर्देशांक २३ झाला की वजन जास्त मानतात. शिंप्याची टेपही पुरेशी बोलकी असते: कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये.

उपाय खर्चिक नाहीत. निम्मे ताट भाज्यांचे असावे, उसळ व वरण घट्ट असावे, तेल मोजून वापरावे. उपवासाने वजन घटते ही समजूत साबुदाण्याच्या खिचडीपुढे टिकत नाही! एकाएकी जेवण तोडल्यास चरबीबरोबर स्नायूही झडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचविले. भरभर चालणे, बैठका, सूर्यनमस्कार यांत हे साधते. वाहत्या रस्त्यावर चालण्यास स्त्रिया संकोचतात. तेथे शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ खुले ठेवणे पंचायतीच्या हाती आहे.

महिनाभरात काटा हलला नाही की पुष्कळजण चालणे सोडतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात आहार व व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांचे वजन मात्र फारसे उतरले नव्हते.