शिटी झाल्यावर लगेच उठू नये

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, सुट्टीला आलो की पोराला शाहू स्टेडियमवर न्यायचंय. तुम्हीही चला." माझे गुडघे आता त्या पायऱ्या चढू देत नाहीत. तू ने त्याला. मी सोबत असतो तर वाटेत जे सांगितलं असतं, ते इथं लिहून पाठवतोय. यातलं निम्मं तुझ्या आजोबांचं आहे. त्यांनी मला आठव्या वर्षी नेलं, मी तुला नवव्या वर्षी नेलं. मी जिथं चुकलो, तेही यात लिहिलंय, म्हणजे तुला ती चूक नव्यानं करावी लागणार नाही.

पहिल्या खेपेला फायनल नको. लीगमधला एखादा साधा सामना निवड. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचा संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, यातलं कुठलंही नाव घेतलं की गल्ली डोळ्यांपुढे येते, माणसं डोळ्यांपुढे येतात. म्हणून तर दोन मोठ्या पेठा समोरासमोर आल्या की गॅलरीत मुंगी शिरायला जागा उरत नाही आणि ईर्षा पेटते. त्या गर्दीत आठ वर्षांच्या पोराला पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. साध्या सामन्याला त्याला मैदान दिसेल. चेंडूवर बूट बसल्याचा आवाज ऐकू येईल. बॅक ओरडून हाफला काय सांगतोय, तेही कळेल.

घरातून निघताना पोटभर जेवण झालेलं असू दे आणि बाथरूमला जाऊन आलेला असू दे. डोक्यावर टोपी घाल, पाण्याची बाटली घे. उन्हाळ्यातला सामना असेल तर चारचं ऊनही सोपं नसतं. त्याच्या खिशात तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. कुठल्याही तालमीच्या रंगाचा शर्ट पहिल्या दिवशी घालू नकोस. कुठं बसावं लागेल हे आधी ठाऊक नसतं. गर्दीतून जाताना त्याचं बोट न धरता मनगट धर. मागून रेटा आला की बोट निसटतं, मनगट निसटत नाही. आत शिरल्यावर एखादा खांब नाहीतर जिना दाखव आणि सांग, "चुकलास तर इथं येऊन उभा राहा, कुणाच्याही मागं जाऊ नकोस. मी इथंच येणार."

जागा मध्यरेषेच्या आसपास आणि वरच्या पायऱ्यांवर बघ. खालून नुसती धावपळ दिसते. वरून कुणी जागा मोकळी केली आणि कुणी भरली, हे दिसतं. ऊन पाठीवर येईल अशी बाजू घे. गोलच्या मागं बसू नकोस. तो चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो, आणि जोरात मारलेला असला तर पोराला लागतो. हलगी आणि ढोल वाजतात तिथून चार हात लांब राहा. त्याला तो ताल आवडेल, पण कानाशी नको. बाहेर पडायची वाट कुठं आहे, ते बसण्याआधी बघून ठेव.

आता खेळ बघण्याचं. सुरुवातीलाच नियम सांगत बसू नकोस. ऑफसाइड समजावताना मोठी माणसं हातवारे करायला लागतात. पोराला ते काय कळणार! पहिली 45 मिनिटं तो चेंडूच्या मागं मागं बघत राहील, बघू दे. विचारेल तेवढंच सांग. फक्त गोलपोस्ट दाखव आणि म्हण, "हा 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच आहे. एकट्यानं राखायचा. तुला जमेल?" त्यानंतर तो गोलकीपरकडे वेगळ्या नजरेनं बघेल.

दुसरा हाफ सुरू झाला की त्याला एक काम दे. कुठलाही एक खेळाडू निवडायचा आणि चेंडू कुठंही असला तरी त्याच्याकडेच बघायचं. माझ्या वडिलांनी मला हे सांगितलं होतं. मी एक बॅक निवडला. सबंध अर्ध्यात त्याच्याकडे चेंडू मोजून सहा-सात वेळा आला असेल. पण तो एका जागी उभा राहिला नाही. पुढं सरकायचा, मागं यायचा, हातानं शेजारच्याला बोलवायचा, कुणी पडला की उठवायचा. त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. सामना संपल्यावर वडिलांनी विचारलं, "काय बघितलंस?" मी म्हणालो, "चेंडू नसतानाच त्याचं जास्त काम होतं." पुढं 34 वर्षं मी वर्कशॉपमध्ये काढली. त्या वाक्यानं मला तिथं फार साथ दिली.

हाफ टाइमला शेंगा घे, भडंग घे. खाता खाता त्याला अनिकेत जाधवची गोष्ट सांग. आपल्या कोल्हापूरचा पोरगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 साली 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. स्पर्धा आपल्याच देशात होती. भारत तिन्ही सामने हरला, हेही सांग, लपवू नकोस. आणि मग सांग की 9 ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगनं हेडरवर गोल केला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. तो सामना आपण 2-1 असा हरलो, पण तो गोल अजून लोकांच्या लक्षात आहे. हरलेल्या सामन्यातही जपून ठेवण्यासारखं काही असतं, हे पोराला लहानपणीच कळू दे.

आता माझी चूक. तुझ्या पहिल्या सामन्याला शेवटच्या काही मिनिटांत पंचांनी आपल्या विरुद्ध पेनल्टी दिली. मी उठून उभा राहिलो आणि नको ते बोललो. आजूबाजूचे सगळेच बोलत होते, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात शेजारच्या पोरीशी तुझं भांडण झालं आणि माझे तेच शब्द, त्याच आवाजात, तुझ्या तोंडून आले. मी पाणी भरत होतो. बादली तिथंच ठेवली. जरा वेळानं तू आत येऊन विचारलंस, "बाबा, पंच चोर असतात का?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या सामन्याला तुला नेलं तेव्हा मी फक्त पंचांकडे बोट दाखवलं होतं, आठवतंय? "हा माणूस 90 मिनिटं सगळ्यांबरोबर धावतो. ह्याच्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही. चुकतोही. पण हा नसेल तर खेळच नाही." तेव्हापासून गॅलरीत मी तोंड सांभाळलं. तू ओरड, नाच, घसा बसेपर्यंत आपल्या तालमीचं नाव घे. ईर्षा असावी, त्याशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल नाही. पण समोरच्या पेठेला शिवी देऊ नकोस. पोरगं गोल विसरेल, आई काय बोलली ते विसरणार नाही. आणि वातावरण तापतंय असं दिसलं, ढकलाढकली सुरू झाली, तर स्कोअर काय आहे ते बघू नकोस. मनगट धर आणि निघ. राहिलेली मिनिटं उद्या पेपरात वाचता येतात.

सगळं शांत असेल तर मात्र तुझ्या आजोबांचा कानमंत्र पाळ. शेवटची शिटी झाल्यावर लगेच उठू नये. दहा मिनिटं बसून राहावं. गर्दी ओसरते, जिना मोकळा होतो, पोर चेंगरत नाही, हे तर आहेच. पण ते का बसायचे, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. आपली तालीम टायब्रेकरवर हरली होती. पाचवी पेनल्टी आपल्या गोलकीपरच्या हाताला लागून आत गेली. समोरची गॅलरी उसळली, आपली रिकामी व्हायला लागली. मी रडत होतो. वडील हलले नाहीत. मैदानावर गोलकीपर पोस्टला टेकून एकटाच बसला होता. मग जिंकलेल्या संघातला एक जण नाचणाऱ्यांतून बाहेर पडला, चालत त्याच्याजवळ गेला, शेजारी बसला आणि आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. वडील म्हणाले, "हे बघायला थांबलो होतो." लगेच उठलेल्या कुणालाही ते दिसलं नाही.

हरलात तर दहा मिनिटं थांबा, आणि जिंकलात तरी थांबा. कोण कुणाचा हात धरून उठवतो, ते त्याला बघू दे.

नंतर त्याला गंगावेशीत ने. म्हशीचं धारोष्ण दूध पाज. मिशी उमटली की पुसू नकोस, मला दाखवायला तशीच आण. मग त्याचा हट्ट सुरू होईल, चेंडू पाहिजे. घेऊन दे, पण मोठ्या माणसांचा पाच नंबरचा नको. त्याच्या वयाला चार नंबरचा. पायाच्या मापाचा चेंडू असला की पोर चेंडूला घाबरत नाही.

घरी याल तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसलेला असेन. किती गोल झाले, हे मी विचारणार नाही. त्याला एवढंच विचारीन, "तू कुणाकडे बघत होतास?"

तुझे,
बाबा