पाय थेट तळाला गेला

चिंचवडला वडील रविवारी सकाळी चेतकचे ब्रेक लायनर स्वतः बदलायचे आणि मी शेजारी उकिडवा बसून त्यांना पाने द्यायचो. एवढ्या भांडवलावर मी ड्युसेलडॉर्फमध्ये माझ्या गोल्फ आरचे पुढचे ब्रेक बदलायला घेतले. गाडी ३०० अश्वशक्तीची, पुढच्या डिस्क ३४० मिलिमीटरच्या. नूरबर्गरिंगच्या रेसट्रॅकवरच्या चार फेऱ्यांनी पॅड पार खाऊन टाकले होते.

१. इथे अंगण नाही, आणि रविवार तर नाहीच.
मी शहरातल्या बिल्क भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. तळघरातल्या पार्किंगच्या करारात दुरुस्तीला मनाई लिहिलेली, रस्त्यावर गाडी जॅकवर चढवायची सोय नाही, आणि रविवारी हातोड्याचा आवाज म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वैर. म्हणून ‘मीटवेर्कश्टाट’ गाठली. तिथे रॅम्प आणि हत्यारं तासाच्या भाड्याने मिळतात. मी दोन तास धरले होते, लागले पाच. त्यातला एक तास डिस्क धरून ठेवणाऱ्या एका करंगळीएवढ्या स्क्रूने खाल्ला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो असा गंजला होता की त्याचं डोकंच झिजून गोल झालं. शेवटी ड्रिल मारून काढला. नवा स्क्रू आधीच आणून ठेवा, काही युरोंचं काम आहे.

२. डोळ्यांवर भरवसा नको, मोजा.
माझी डिस्क दिसायला गुळगुळीत होती. नवी असताना ३० मिलिमीटर जाड, किमान मर्यादा २७. मोजली तर २६.६ भरली. ही मर्यादा डिस्कवरच कोरलेली असते, गंज पुसला की दिसते. नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. तिथे पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदमच बदलायच्या, हे सांगायला नकोच.

३. ब्रेक ऑईल हे तेल नव्हे.
आपल्याकडच्या शब्दाने मला बरीच वर्षं फसवलं. ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव्य आहे, हवेतलं पाणी शोषतं, सांडलं तर रंग खातं (लगेच पाण्याने धुवा), आणि त्यात चुकून खरं तेल पडलं तर रबरी सील फुगून वाया जातात. डॉट ४ प्रतीचं हे द्रव्य ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर तो १५५ वर येतो. गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, म्हणजे उष्णताही. नूरबर्गरिंगचा जुना उत्तर मार्ग २०.८ किलोमीटरचा, चढउतारांचा. तिथे द्रव उकळला की बुडबुडे होतात, पॅडल स्पंजासारखं लागतं. मला तिसऱ्या फेरीत ते जाणवलं होतं, तरी मी चौथी मारली. मूर्खपणा होता.

४. पॅडवर गोलातला ‘ई’ आणि आकडा बघा. ‘ई १’ म्हणजे जर्मनीत मिळालेली मान्यता. निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेले बिनमान्यतेचे पॅड रस्त्यावर चालत नाहीत, अपघात झालाच तर विमावाले आधी तेच काढतील.

५. काढलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. टांगायला कपड्याच्या हँगरची तार पुरते.

६. हलण्याआधी पॅडल मारा.
जाडजूड नव्या पॅडना जागा हवी म्हणून पिस्टन मागे रेटावे लागतात. मग पॅड आणि पिस्टन यांत फट राहते, ती पॅडल दाबून दाबून भरायची असते. मला हे माहीत होतं. पण पाचवा तास संपत आला होता, मागचा गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभा होता. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला कसले, रॅम्प खाली घेतला, क्लच दाबून इंजिन सुरू केलं, रिव्हर्स टाकला. ब्रेकवर पाय ठेवला तो थेट तळाला गेला. हँडब्रेकचं बटण ओढलं म्हणून गाडी हत्यारांच्या ट्रॉलीपासून वीतभर अलीकडे थांबली. मागचा गिऱ्हाईक काही बोलला नाही. नुसतं दोन पावलं मागे सरकला.

७. नवे ब्रेक पहिल्याच दिवशी रगडू नका. मी निअँडरताल ओलांडून मेटमानच्या बाजूच्या रस्त्यांवर दोनेकशे किलोमीटर हलक्या पायाने फिरवले. ज्या दरीत १८५६ मध्ये आदिमानवाची हाडं सापडली तिथे ताशी ५० ने जायला कोणाची हरकत नसते.

८. मागचे ब्रेक.
या गाडीत मागच्या पिस्टनला हँडब्रेकची विजेची मोटर असते. आधी संगणक जोडून ती मागे फिरवावी लागते, नुसत्या क्लॅम्पने रेटलं तर यंत्रणाच मोडते. तुमच्याकडे ते साधन नसेल तर पुढचे स्वतः करा आणि मागचे सरळ गॅरेजला द्या. मी दिले.