नवीन मुलगा वर्गात येतो तेव्हा



दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या साखर कारखान्याच्या भागात दुसरं सत्र आणि गळीत हंगाम जवळपास एकदमच सुरू होतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात, आणि एखाद्या सकाळी कुणीतरी आई मुलाचा हात धरून शाळेच्या दारात येते. सोबत दाखला नसतो. दाखल्यासाठी प्रवेश अडवायचा नाही आणि मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. हजेरीपटावर नाव चढवायला पाच मिनिटं लागतात. अवघड काम त्यानंतरचं.

काही वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात असाच एक मुलगा आला. नाव मुद्दाम देत नाही. मी त्याला फळ्याजवळ उभं केलं आणि म्हणालो, "हा आपला नवीन मित्र. लांबून आलाय. सगळ्यांनी त्याच्याशी चांगलं वागायचं, बरं का!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीत तो अगदी टोकाला बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. एका मुलीनं घरून आणलेला लाडू पुढं केला, त्यानं मान हलवून नको म्हटलं. गणिताच्या तासाला त्यानं मला विचारलं, "कामून सर?" सगळा वर्ग हसला. आमच्याकडं 'कामून' कुणी म्हणत नाही. त्यानंतर तो बोलेनासाच झाला. एका पालकांनी तर मला गाठून हळूच सांगितलं, "आमच्याला त्याच्याशेजारी बसवू नका."

आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की माझ्या त्या एका वाक्यानंच घोळ घातला होता. मी त्याला 'चांगलं वागण्याजोगा' ठरवून टाकलं होतं. म्हणजे घेणारा तो आणि देणारे बाकीचे. अशी मैत्री कुठल्याही मुलाला नको असते. डीएडला 'सहानुभूती' या विषयावर पानभर उत्तर लिहिलं होतं, ते इथं काही कामाला आलं नाही.

त्याच सुमारास 'तोत्तोचान' पुन्हा हातात घेतलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे आठवणींचं पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं, मराठीतही मिळतं. पहिल्याच शाळेनं काढून टाकलेली ही मुलगी रेल्वेच्या डब्यांत वर्ग भरवणाऱ्या तोमोए शाळेत येते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मला मात्र यावेळी तिच्यानंतर आलेली दोन मुलं दिसली.

एक मियाझाकी. अमेरिकेत वाढलेला, जपानी धड न येणारा. मुख्याध्यापक कोबायाशींनी मुलांना त्याच्यावर दया करायला सांगितलं नाही, त्याच्याकडून इंग्रजी शिकायला आणि त्याला मदत करायला सांगितलं. मुलं त्याला जपानी शिकवू लागली. तो इंग्रजी चित्रांची पुस्तकं घेऊन आला आणि मुलं त्याच्याकडून इंग्रजी शब्द शिकू लागली. काळ युद्धाचा होता. बाहेर अमेरिकेला राक्षस म्हटलं जात होतं आणि या डब्यात पोरं शत्रूच्या भाषेतले शब्द मोठ्यानं घोकत होती.

दुसरा ताकाहाशी. त्याची उंची वाढणार नव्हती, हातपाय आखूड होते. शाळेच्या क्रीडादिनाला कोबायाशींनी शर्यतीच अशा आखल्या की ठेंगण्या मुलाला त्या सोप्या जाव्यात. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जायचं वगैरे. ताकाहाशी एकामागून एक शर्यत जिंकत गेला. बक्षिसं काय, तर मुळा, पालक अशा भाज्या! हे वाचून माझा वर्ग खो खो हसला होता, पण या मुख्याध्यापकांनी काय साधलं ते मला उशिरा कळलं.

मग मी काय केलं? आधी त्या मुलाला एकटं गाठून विचारलं, "उसाचं गणित घेऊ का वर्गात? तू मदत करशील?" हे विचारणं गरजेचं होतं. आईबापाचं काम वर्गात काढलेलं एखाद्याला लागू शकतं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मोळी कितीची धरायची?"

फळ्यावर १५ किलोची मोळी धरली. एक टन भरायला किती मोळ्या लागतील? ६६ मोळ्या आणि वर १० किलो. भागाकार सगळ्यांनी केला, पण मोळी कशी बांधतात, पाचट कुठं जातं, वाढं कुणाला मिळतं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून कसं चढतात, हे त्यानं सांगितलं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचा ऊस होता. तो ट्रकमध्ये कोण चढवतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं होतं, विचारलं मात्र कधीच नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "तुझी आई दिवसात किती टाकते रं?" वर्गात कुणी हसलं नाही.

मग आम्ही शब्दांची एक वही केली. एका बाजूला 'आमच्याकडं', दुसऱ्या बाजूला 'तुमच्याकडं'. 'कामून' पहिल्याच पानावर गेला. आठवड्यात तो शब्द मैदानावर सगळ्यांच्या तोंडी होता, चिडवायला नव्हे, आवडला म्हणून. पंगतीतली जागा कधी बदलली ते मला कळलंच नाही. पहिल्या बाकावरचा तो मुलगा त्याच्याशेजारी बसत होता, एवढं खरं. आणि हो, हळूच सांगून गेलेल्या त्या पालकांचाच तो मुलगा.

सगळं छान झालं असं म्हणवत नाही. वाचनात तो मागंच राहिला. लहान भावाला सांभाळायला म्हणून आठवड्यातून एखादा दिवस घरी थांबायचा. त्याला मी पुरेसा वेळ दिला नाही.

मार्चच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला. सोमवारी त्याची जागा रिकामी होती. वार्षिक परीक्षा दोन आठवड्यांवर होती. शब्दांची वही पहिल्या बाकावरच्या मुलानं दप्तरात ठेवून घेतली होती, मी मागितली नाही. सुट्टी लागायच्या दिवशी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"सर, ती टोळी दिवाळीनंतर हिकडंच येणार का?"

"मुकादमावर असतं ते," मी म्हणालो.

"मग मुकादमाला कुणी सांगायचं?"