गुप्त संभाषणातील किल्लीबदल

१९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्तपणे ‘काँग्रेस रेडिओ’ चालवीत असत. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई. तरीही १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. त्यांच्याच एका तंत्रज्ञाने फितुरी केली होती. जागा बदलल्याने बाहेरचा शोधक चकतो. आतल्या माहितगारापुढे त्या बदलाचा काय उपयोग? संगणकांच्या गुप्त संभाषणाचा अभ्यास करताना मला हाच प्रश्न पुन्हा भेटला.

बोरिवलीहून चर्चगेटला जाता जाता आपण मोबाईलवर बँकेचे काम उरकतो, तेव्हा मोबाईल आणि बँकेचा संगणक यांच्यात एक गुप्त बीज ठरते व त्यापासून किल्ल्या तयार होतात. या व्यवहाराचे नियम म्हणजे टीएलएस. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १.३ या आवृत्तीत, संभाषण न थांबवता किल्ली बदलण्याची सोय आहे.

जाणाऱ्या आणि येणाऱ्या मजकुराच्या किल्ल्या वेगळ्या असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. पाठविणारा ‘किल्ली बदलतो आहे’ हा निरोप जुन्याच किल्लीने बंद करून धाडतो आणि पुढचे पाकीट नव्या किल्लीने बंद करतो. घेणाऱ्याने तो निरोप वाचताच आपली उघडण्याची किल्ली बदलावयाची. ‘तूही बदल’ अशी विनंती सोबत असेल, तर त्याने पुढचा मजकूर पाठविण्यापूर्वी स्वतःचा बदल कळवावयाचा. एका पाकिटाची जरी चूक झाली तरी पुढचे काहीच उघडत नाही व संबंध तुटतो. कार्यक्रम लिहिणाराची खरी कसोटी इथे लागते.

एका किल्लीने किती पाकिटे बंद करावीत यालाही मर्यादा आहे. एईएस-जीसीएम पद्धतीत पूर्ण भरलेली सुमारे २ कोटी ३७ लाख, म्हणजे जवळजवळ ३९० अब्ज बाइट! लोकलमधल्या प्रवाशाला ही चिंता नको. दिवसेंदिवस उघड्या राहणाऱ्या जोडण्यांना मात्र ती आहे.

आता मूळ प्रश्न. नवे बीज जुन्या बीजातूनच एका एकेरी सूत्राने दळून काढतात. पिठापासून गहू परत मिळत नाहीत. म्हणून आजचे बीज चोरणाऱ्याला कालचा मजकूर वाचता येत नाही, अर्थात जुने बीज स्मृतीतून खरोखर पुसले असेल तरच. परंतु उद्याचे पीठ तोही आपल्याइतकेच सहज दळू शकतो. बीज फुटल्याचा संशय आला तर हा किल्लीबदल पुरत नाही. जोडणी बंद करून नव्याने ओळखपाळख करावी लागते आणि पूर्णतः नवे बीज ठरवावे लागते.