सोयाबीनचं बी सप्टेंबरात?

चि. मनीषा हिस,


तुझा प्रशिक्षणांचा वर्षाचा आराखडा वाचला. तक्ता नेटका आहे, साहेबांना आवडेल. पण सोयाबीन बियाण्याचं प्रशिक्षण सप्टेंबरअखेर का टाकलंस? तेव्हा रान काढणीला आलेलं, तोंडावर नवरात्र, तुळजापूरची वाट माणसांनी फुललेली. बाया येतील कुठून? निधी तेव्हाच हातात पडतो, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याला गाव काय करणार?

तो कार्यक्रम मेमध्ये घे आणि भाषण ठेवूच नकोस. ओल्या गोणपाटावर घरच्या बियाण्याचे दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. 70 च्या वर उगवले तर एकरी 30 किलो पुरतं, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. गुंडाळी उघडायला तुला पुन्हा जावं लागेल, म्हणून प्रत्येक गावाला दोन तारखा लाव. एकदाच येऊन गेलेल्याला गाव पाहुणा समजतं. चहा पाजतं, सह्या करतं आणि विसरतं.

शिकवायलाही बाहेरून कुणी आणू नकोस, गावातलीच बाई घे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आपल्या धाराशिव आणि लातूर जिल्ह्यात घरं दुरुस्त करून बळकट करायचा सरकारी कार्यक्रम निघाला. प्रेमा गोपालन आणि त्यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं तेव्हा गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. माळवदाखाली माणसं गाडली गेली होती. दगडाच्या घरात पाऊल टाकायची लोकांना भीती वाटे. अशा वेळी माळवदावरची माती का कमी करायची, भिंतीच्या आतल्या-बाहेरल्या थरांना सांधणारा लांब दगड कशाला, हे शेजारणीनं सांगितलं की पटायचं. नकाशा अभियंत्याचा, पण शंका विचारायची सोय तिच्यापाशी. तुझ्या यादीत तज्ज्ञांच्या मानधनाचा रकाना आहे, त्यातलं थोडं अशा बाईच्या नावावर टाक. दिवसाची मजुरी बुडवून ती फुकट का शिकवेल?

बॅनर एकच छाप, तारीख न घालता, वर्षभर चालेल.

आणि सकाळी अकराची वेळ सगळीकडं चालणार नाही. भूमकडं दुधाचा धंदा मोठा, तिथं धारांच्या वेळा सांभाळून दुपार धर. बाकी गावांत आधी बचत गटाच्या अध्यक्षाला फोन कर, मगच तक्ता वर पाठव.

तुझी,
आत्या