खिशातले पाणी

मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या वाडीत गेलात, तर जांभ्या दगडाच्या विहिरीतून येणारा धपाक् धपाक् असा आवाज तुम्हांला लांबूनच ऐकू येईल. कोणी पाठीला भोपळा बांधून हातपाय मारीत असतो, तर कोणी काठावरून सूर मारीत असतो. थोड्या वेळाने शर्यती लागतात.

सहावीत असताना अशाच एका शर्यतीत मी सपशेल हरलो होतो. जिंकणारा मुलगा माझ्याहून वर्षाने लहान आणि अंगाने किरकोळ. त्याने लंगोट कसला होता. मी मात्र शाळेच्या खाकी चड्डीनिशी उडी घेतली होती. पायऱ्या चढून वर आलो, तेव्हा दोन्ही खिशांतून पाणी ओघळत होते. "अरे, खिशात विहीर घेऊन पोहत होतास की काय?" असे म्हणून आजोबा हसले. त्यांच्या थट्टेत विज्ञान होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

तुम्ही म्हणाल, ओली चड्डी जड झाली म्हणून तुम्ही मागे पडलात. पण तसे नाही. विहिरीतून कळशी ओढताना काय होते ते आठवा. भरलेली कळशी पाण्यात असते तोवर अगदी हलकी लागते. पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहातच. कापडात शिरलेले पाणी पाण्यातच असेपर्यंत तुम्हांला खाली ओढत नाही. मग माझा वेग कोणी खाल्ला? उघड्या खिशांनी आणि चड्डीच्या फुगलेल्या पायांनी! वाऱ्यात छत्री उलटी झाली की ती कशी मागे खेचते? तोच प्रकार. पाणी तर हवेच्या सुमारे 800 पट घन, तेव्हा त्याचे खेचणेही तितकेच जबर.

पुढे जाणाऱ्या वस्तूला पाणी जो विरोध करते, त्याला पाण्याचा रोध म्हणू. शरीराचा आकार, पोहताना उठणाऱ्या लाटा आणि त्वचेशी होणारे घर्षण या तिन्हींतून तो निर्माण होतो. त्याचा स्वभाव मात्र मोठा कठोर आहे. वेग दुप्पट केला की रोध सुमारे चौपट होतो, आणि तो वेग टिकवायला शक्ती आठपट लागते. म्हणजे लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

आता थोडे गणित करू. समजा, सैल चड्डीमुळे रोध एकतृतीयांशाने वाढला. तुमची शक्ती तर तेवढीच आहे. 1.1 चा घन 1.331 येतो. म्हणून वेग 1.1 पट कमी होईल आणि जे अंतर तुम्ही 60 सेकंदांत कापता, त्याला 66 सेकंद लागतील. उलट, 100 मीटर अंतर 50 सेकंदांत कापणाऱ्या निष्णात पोहणाऱ्याचा रोध फक्त 6 टक्क्यांनी कमी झाला, तर वेग सुमारे 2 टक्क्यांनी वाढेल आणि वेळ येईल 49 सेकंद. एक सेकंद म्हणजे त्याच्या दृष्टीने दोन मीटर! एवढ्या अंतरात सुवर्णपदक आणि रिकामा हात यांचा निवाडा होतो.

म्हणूनच पोशाख बनवणाऱ्यांनी या 6 टक्क्यांचा पिच्छा पुरवला. त्यांची नजर प्रथम गेली माशाकडे, तीही आपल्या ओळखीच्या मुशीकडे, म्हणजे शार्ककडे. मिरकरवाडा बंदरावर मुशी दिसली, तर तिच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाहा. हात सहज सरकेल. उलट दिशेने फिरवलात, तर सुताराच्या पॉलिशकागदासारखी खरखर लागेल. तिच्या कातडीवर दातांसारखे अगदी बारीक खवले असतात. त्यांची नक्कल करून बारीक खाचा असलेल्या कापडाचे पोशाख निघाले आणि 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ते पुष्कळांच्या अंगावर दिसले.

पण गंमत पुढेच आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात योहानेस ओफ्नर आणि जॉर्ज लॉडर या दोघांनी ही कल्पना तपासून पाहिली. 2012 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माशासारख्या वळवळणाऱ्या पट्टीवर मुशीची खरी कातडी लावली, तेव्हा खवले घासून काढलेल्या कातडीपेक्षा वेग सरासरी 12.3 टक्क्यांनी जास्त मिळाला. पोशाखाचे खाचांचे कापड लावून पाहिले, तर ते सुलटे लावा की उलटे, खाचांचा काही उपयोग दिसेना. निसर्गाची नक्कल करायची, तर ती वरवरची करून भागत नाही असे दिसते.

मग पोशाखाने वेग वाढतच नाही का? वाढतो, पण निराळ्या कारणांनी. 2008 च्या फेब्रुवारीत स्पीडो कंपनीने एलझेडआर रेसर नावाचा पोशाख बाजारात आणला. त्याच्या कापडाची निवड करण्यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने वायुबोगद्यात चाचण्या घेतल्या होत्या. त्यात शिवण नव्हती. जोड ध्वनिलहरींनी सांधलेले होते. तो इतका घट्ट होता, की चढवायलाच वीस-वीस मिनिटे लागत. त्याने पोट, मांड्या आवळल्या जात आणि शरीर एखाद्या होडीसारखे निमुळते होई. शिवाय त्यावरचे पॉलियुरेथेनचे पट्टे पाणी पीत नसत. पुढच्या वर्षी तर संपूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख निघाले. त्यांनी पोहणारा पाण्यात किंचित वर तरंगे. भाट्याच्या समुद्रात उतरल्यावर विहिरीपेक्षा तरंगणे सोपे जाते, हे तुम्ही अनुभवले असेल. खाऱ्या पाण्याची घनता गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त असते म्हणून. अंग जितके वर, तितके पाण्यात बुडलेले कमी, आणि रोधही कमी.

परिणाम काय झाला? 2009 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम मोडले! जर्मनीचा पॉल बीडरमान 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर फ्रीस्टाइल 1 मिनिट 46.00 सेकंदांत पोहून पाचवा आला होता. रोममध्ये तेच अंतर त्याने 1 मिनिट 42.00 सेकंदांत कापले. चार सेकंदांतली किती त्याच्या मेहनतीची आणि किती पोशाखाची, हे कोण सांगणार? नेमकी हीच अडचण होती. शेवटी जलतरणाच्या जागतिक संघटनेने 1 जानेवारी 2010 पासून असे पोशाख बंद केले. पोशाख विणलेल्या कापडाचाच हवा. पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, असा नियम झाला. माझ्या मते तो योग्यच होता. महागडा पोशाख परवडणाऱ्याने शर्यत जिंकायची, तर शर्यत लावायची कशाला?

त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. आपल्या घाटावरच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे तेथे 50 मीटर बटरफ्लाय शर्यत 24.31 सेकंदांत पोहला आणि त्याने कांस्यपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचे पदक 1986 नंतर प्रथमच मिळत होते. नवा नियम लागू असल्यामुळे सगळ्यांच्याच अंगावर साधे कापड होते.

इंग्लिश खाडीचा नियम तर याहून कडक आहे. तेथे तरंगायला किंवा ऊब धरायला मदत करणारा पोशाख घातला, तर पोहणे अधिकृत धरत नाहीत. पुण्याच्या रोहन मोरे याने ती खाडी धरून जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पार केल्या. 2018 साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून त्याने सातवी पुरी केली.

आता तुमच्याविषयी. तुम्हांला महागडे काही नको. बिनखिशाची, अंगाबरोबर बसणारी आणि पाणी न पिणाऱ्या कापडाची चड्डी पुरे. अंग झाकणारा पोशाख हवा, म्हणून पुष्कळ मुली पोहायलाच उतरत नाहीत, याचे मला वाईट वाटते. रोध वाढतो तो मुख्यतः सैलपणाने. अंग झाकल्याने नव्हे. घोट्यापर्यंत पाय आणि मनगटापर्यंत बाह्या असलेला, पण अंगासरशी बसणारा पोशाख खुशाल घाला. ओढणी, साडी, सैल पायजमा, जीनची विजार यांनिशी मात्र समुद्रात उतरू नका. गणपतीपुळ्याला आलेली माणसे कपड्यांसकट लाटांत शिरतात आणि तेथे बुडून माणसे दगावलेली आहेत. सैल कपडे हातापायांना गुंततात, दोन हात मारताच दमछाक होते. आणि काठाशी उभे राहू पाहावे, तर कापडातल्या पाण्याचे वजन तेव्हा खरोखर अंगावर येते. कळशी पाण्याबाहेर आली ना!

हे सारे तुम्हांला घरच्या घरी ताडून पाहता येईल. दिवाळीच्या सुट्टीत आपले पऱ्ये वाहते असतात, पण त्यांना पावसाळ्याची ओढ नसते. गुडघ्याच्या खाली पाणी असेल अशी जागा निवडा आणि बरोबर मोठे माणूस न्या. एक लिटरच्या बाटलीत थोडी वाळू घालून ती पाण्याने भरा व बूच घट्ट लावा. गळ्याला दोरी बांधून ती शाळेच्या तानकाट्याला अडकवा. बाटली प्रवाहात धरून काटा वाचा. मग बाटलीवर पायमोजा ताणून चढवा आणि पुन्हा वाचा. तिसऱ्या वेळी बाटली सैल कापडी पिशवीत घाला, पिशवीचे बंद बाटलीच्या गळ्याला बांधा आणि तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवा. जागा आणि खोली मात्र तिन्ही वेळा तीच हवी, नाहीतर तुलना फसेल. तिसऱ्या वेळी काटा जरा घट्ट धरा, हातून सुटेल!