नागलीचा खाऊ

या वेळी आम्हा चौथीच्या मुलांना खाऊ हा विषय आहे. मी नागलीच्या खाऊची माहिती लिहीत आहे.

आपण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसे नागली म्हणतो. कोकणात तिला नाचणी म्हणतात आणि कोल्हापूरकडे नाचणा. धान्य एकच आहे. दाणा मोहरीएवढा बारीक आणि रंगाने तांबूस. नागली डोंगरउतारावर, हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर येते. तिला फारशी कीड लागत नाही, म्हणून घरात पुष्कळ दिवस टिकते. सन २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी, बाजरी, वरई आणि आपली नागली ही सारी भरडधान्ये. शहरातले लोक आता नागली दुकानातून विकत घेतात. आपल्याकडे मात्र काही मुले नागलीची काळी भाकरी डब्यात आणायला लाजतात. मला हे काही बरे वाटत नाही.

आता खाऊ का पाहिजे ते सांगतो. सकाळी शाळा भरते तेव्हा पुष्कळ मुलांच्या पोटात नुसता चहा असतो. द्राक्षांच्या हंगामात आईबाप पहाटेच्या गाडीने दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. त्या दिवशी भाकरी थापायला कोणाला वेळ नसतो. शाळेत दुपारचा आहार मिळतो. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पण दुपार व्हायला वेळ असतो ना! तोपर्यंत पोट गुरगुरते आणि भागाकार डोक्यात शिरत नाही. मग कोणी पाच रुपयांचा वेफरचा पुडा आणतो. त्यात निम्मी हवाच असते.

म्हणून मला लाडू सर्वांत चांगला वाटतो. एकदा केला की आई घरी नसली तरी डब्यातून हाताने घेता येतो.

साहित्य असे : नागलीचे पीठ दोन वाट्या, किसलेला गूळ एक वाटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट पाऊण वाटी, तूप चार मोठे चमचे, असली तर वेलची. शेंगदाणे निवडताना काळे, बुरशीचे आणि कडू दाणे टाकून द्यावेत. एक कडू दाणा सारा लाडू बिघडवतो.

कढईत दोन चमचे तूप घालून पीठ मंद जाळावर भाजावे. दहाबारा मिनिटे हात थांबवायचा नाही. नागलीचा रंग आधीच तांबूस, त्यामुळे पीठ भाजले की नाही हे डोळ्यांना कळत नाही, ते नाकाने ओळखावे लागते. आमची आजी म्हणते, "वास ओसरीवर आला म्हंजे झालं." हे काम मोठ्या माणसाने करावे. लहान मुलांनी चुलीपाशी जाऊ नये. आपण गूळ किसावा, दाणे सोलावेत, लाडू वळावेत.

पीठ भाजले की कढई खाली उतरवावी आणि मग गूळ घालावा. चुलीवर असताना घातला तर त्याचा पाक होतो आणि लाडू दगडासारखा होतो. आजीला दात नाहीत, म्हणून आमच्या घरी हा नियम फार कडक आहे. पिठाच्या ऊबेने गूळ आपोआप मऊ होतो. मग कूट आणि वेलची घालून, उरलेले तूप गरम करून वर ओतावे. मिश्रण हाताला सोसेल इतके गरम असतानाच भराभर वळावे. थंड झाले की वळत नाही, भुगा होतो. लिंबाएवढे वीस लाडू होतात.

मी हिशेब मांडला आहे. नागली घरची. शेंगदाणे १२ रुपये, गूळ ८ रुपये, तूप ३० रुपये. एकूण ५० रुपये. ५० भागिले २० म्हणजे एक लाडू अडीच रुपयांना पडतो. वेफरच्या एका पुड्यात दोन लाडू! तूप महाग वाटले तर थोडे कमी घालून कूट वाढवावे. शेंगदाण्याला स्वतःचे तेल असते, त्याने लाडू वळतो.

१०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२० असते. कॅल्शियमने हाडे आणि दात बळकट होतात. (म्हणून दूध सोडायचे असे नाही.) शेंगदाण्यात प्रथिने असतात. अगदी लहान बाळाला मात्र लाडू देऊ नये, घशात अडकतो. त्याच्यासाठी नागली भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून वाळवतात आणि दळून पातळ पेज करतात.

बिस्किटेही होतात. नागलीचे पीठ एक वाटी, गव्हाचे पीठ एक वाटी, तूप पाऊण वाटी, बारीक गूळ पाऊण वाटी, चिमूटभर सोडा. मळून लहान पेढे चपटे करावेत. गोळा जुळला नाही तर चमचाभर दूध घालावे. भट्टी नको. जाड पातेल्यात वाटीभर मीठ पसरून त्यावर एक वाटी पालथी ठेवावी, वर बिस्किटांची ताटली ठेवावी, झाकण लावून मंद जाळावर वीसपंचवीस मिनिटे ठेवावे. काढल्यावर बिस्किटे मऊच लागतात. त्यांना कच्ची समजून पुन्हा आत ठेवू नये, करपतात. गार झाली की आपोआप खुसखुशीत होतात.

लाडू पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत, नाहीतर वाफेने बुरशी धरते. पाण्याचा हात लावला नाही तर ते पंधरा दिवस टिकतात. बिस्किटे किती दिवस टिकतात ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरी ती तिसऱ्या दिवसापर्यंत कधी उरलीच नाहीत.